स्पाउस व्हिसासाठी सपोर्ट लेटर्स: कोणाची, किती आणि त्यात लिहायचं काय? (यूके)

निळीशाई
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय, आधी कुठे चर्चा झाली असेल तर सांगा, गुमान तिकडे जाईन. नवरा यूकेत आहे, त्याच्याकडे आयएलआर (तिथे कायम राहायची परवानगी) आहे, लग्नाला आठ महिने झाले आणि आता मी स्पाउस व्हिसाचा अर्ज करतेय. वकील केलेला नाही, आमचं आम्हीच भरतोय. फॉर्म होत आलाय, इंग्लिशची ए-वन परीक्षा झाली, टीबीचं सर्टिफिकेट हातात आहे. गाडी अडलीये ती सपोर्ट लेटर्सवर, म्हणजे आमचं नातं खरं आहे असं ओळखीच्यांनी लिहून द्यायच्या पत्रांवर. नवऱ्याचा मित्र म्हणतो दहा तरी जोडा, मावसबहीण म्हणते तिने दोनच जोडली होती. आणि बाबांनी कोणी न सांगता दोन पानी पत्र लिहून ठेवलंय, त्यात मी शाळेत असल्यापासून किती समंजस आहे ते सगळं आहे, जावयाबद्दल शेवटी चार ओळी. त्यांना कसं सांगू कळत नाहीये. तर कोणाची पत्रं घ्यायची, किती, आणि नेमकं लिहायचं काय? कोणाकडे नमुना असेल तर सोन्याहून पिवळं.

उंबरठा
मित्रांची, नातेवाइकांची पत्रं कम्पल्सरी नाहीत. एकही न जोडता व्हिसा मिळालेले लोक आहेत. पगाराची बाजू आधी बघा.

निळीशाई
हो का? मग सगळे पत्रांच्या एवढे मागे का लागतात? पगाराचे पेपर नवरा बघतोय, तो म्हणाला ते झालंय.

खिडकीपाशी
"ते झालंय" हे वाक्य आमच्याही घरात झालं होतं, म्हणून जरा लांबण लावते, पण वाच.

आमचा पहिला अर्ज रिफ्यूज झाला. मित्रांची सहा पत्रं होती, फोटो होते, चॅट होते, नात्यावर एका अक्षराने शंका घेतली नाही त्यांनी. घोळ झाला तो नवऱ्याच्या ऑफिसच्या पत्रात. एचआरकडे एक छापील साचा असतो ना, घर भाड्याने घेताना देतात तो, की हा मनुष्य आमच्याकडे अमुक पदावर आहे आणि वर्तणूक उत्तम, तोच त्यांनी लेटरहेडवर काढून दिला आणि आम्ही लेटरहेड आणि सही बघून खूश. होम ऑफिसला, म्हणजे व्हिसा देणाऱ्या तिथल्या सरकारी खात्याला, त्या पत्रात चार गोष्टी लागतात. नोकरी आहे हे आणि वर्षाचा ग्रॉस पगार किती, नोकरीत कधीपासून आहे, जो पगार दाखवताय तो कधीपासून मिळतोय, आणि नोकरी पर्मनंट आहे की ठरावीक मुदतीची की एजन्सीकडून. आमच्यात पहिल्या दोन होत्या, पुढच्या दोन नव्हत्या. त्यात मधेच पगारवाढ झालेली, म्हणजे तिसरी गोष्टच नेमकी महत्त्वाची. राहिलेला कागद ते कधीकधी मागवून घेतात, पण घेतलाच पाहिजे असं बंधन नाही त्यांच्यावर, आमच्याकडून नाही मागवला. फी गेली, वेळ गेला, आणि एचआरच्या बाईंनी दुसऱ्या वेळी तेच पत्र दहा मिनिटांत दुरुस्त करून दिलं. त्या दहा मिनिटांचा राग मला अजून आहे.

तर नवऱ्याला सांग की त्या चार ओळी बोट ठेवून तपास. मी तर दुसऱ्या वेळी आपणच चार मुद्दे लिहून एचआरला मेल करायला लावला. उगाच भिडस्तपणा करू नका, त्यांना तरी कुठून माहीत असणार.

उंबरठा
+१. आणि एकाच कंपनीत सहा महिने पूर्ण असतील तर त्या सहा महिन्यांतला सगळ्यात कमी जो पगार आहे तो वर्षाच्या हिशोबाने धरतात, आजचा नाही. वर्षाला कमीत कमी २९,००० पौंड पगार लागतो, ११ एप्रिल २०२४ पासून. त्याआधी मर्यादा १८,६०० होती, जुने ब्लॉग वाचून गाफील राहू नका.

निळीशाई
बाप रे. आत्ता नवऱ्याला फोन करून पत्र वाचायला लावलं. त्याच्या पत्रात चौथी गोष्ट नाहीये!! पर्मनंट हा शब्दच नाही कुठे. उद्या एचआरला मेल करतोय. खिडकीपाशीताई, तुमचे पाय कुठेत.

खिडकीपाशी
पाय राहू दे, तारखा बघ. पेस्लिप आणि बँक स्टेटमेंट सहा महिन्यांची, आणि शेवटचा कागद अर्जाच्या तारखेच्या आधी २८ दिवसांपेक्षा जुना नको. अर्जाची तारीख म्हणजे ऑनलाईन सबमिट करून फी भरता तो दिवस, बायोमेट्रिकचा नाही. त्यामुळे फी भरायची घाई करू नका, पत्र हातात येऊ दे. पेस्लिपवरचा नेट आकडा आणि बँकेत जमा झालेला आकडा पेनीसकट जुळतो का तेही एकदा बघून घ्या.

पाणवठा
मी दुसऱ्या बाजूने लिहितो, म्हणजे मित्राच्या. मी इथे यूकेतच असतो आणि माझ्या रूममेटच्या बायकोच्या व्हिसासाठी पत्र लिहिलंय. पहिला ड्राफ्ट लिहिला तेव्हा मला वाटलं काय झकास जमलंय. हे दोघे एकमेकांसाठीच बनलेले आहेत, अत्यंत प्रेमळ आणि आदर्श जोडपं आहे, मी त्यांच्या उज्ज्वल भविष्यासाठी शिफारस करतो वगैरे. रूममेटने वाचलं आणि म्हणाला, अरे हे तू तुझ्या बॉसच्या मुलाच्या लग्नात पण लिहू शकतोस.

मग बसलो आणि विचार केला की मी डोळ्यांनी काय पाहिलंय. ते असं होतं की उन्हाळ्यात तो रोज साडेसहाला कामावरून यायचा, फोन सिंकच्या मागच्या टाइलला टेकवून ठेवायचा आणि बायकोशी बोलत भांडी घासायचा, तिकडे तेव्हा रात्रीचे अकरा वाजलेले असायचे. एकदा फोन सिंकमध्ये पडला आणि तीन दिवस तो माझ्या फोनवरून बोलला, तेव्हा मी पण तिच्याशी बोललो, म्हणून मी तिला ओळखतो. मग ती व्हिजिटवर आली तेव्हा मी तिला एअरपोर्टवर घ्यायला गेलो होतो, ती तारीख टाकली. बस. पाऊण पान. माझं नाव, पत्ता, काम काय करतो, त्याला कधीपासून ओळखतो, फोन नंबर, सही, तारीख आणि सोबत माझ्या पासपोर्टची कॉपी. आदर्श हा शब्द काढून टाकला.

मनमोकळी
भांडी घासण्याचा पुरावा होम ऑफिसला गेला म्हणजे आता माघार नाही त्याची :)

तळटीप
थोडं कडू बोलतो, राग मानू नका. मित्राचं पत्र हा अतिशय कमजोर पुरावा आहे. लिहिणारा आपलाच माणूस, तो चांगलंच लिहिणार हे अधिकाऱ्याला माहीत असतं. विमानाची तिकिटं, पासपोर्टवरचे शिक्के, एकत्र राहिल्याची बुकिंग्ज, लग्नाचं सर्टिफिकेट, महिन्या-महिन्याचे कॉल लॉग हे बोलतात. दहा पत्रं जोडली म्हणजे दहा वेळा तेच. उलट दहा लोक लिहिणार म्हणजे दहा ठिकाणी चूक व्हायची संधी. एकाने लिहिलं की हे दोघे कॉलेजपासून ओळखतात आणि फॉर्ममध्ये ओळख दोन वर्षांची, की झाली सुरुवात. मी असतो तर एकही जोडलं नसतं.

पाणवठा
तळटीप, कमजोर मान्य, पण निरुपयोगी नाही. जे जोडपं एका छताखाली राहिलेलंच नाही, त्यांच्याकडे एकत्र लाईट बिल नाही, जॉइंट खातं नाही, दोघांच्या नावाने आलेला एक कागद नाही. त्यांच्या नात्याचा रोजचा भाग कागदावर उमटतच नाही. तिथे पाहिलेल्या माणसाने चार ओळी लिहिल्या तर भोक बुजतं. फक्त भोक असेल तिथेच ठिगळ लावावं, हे खरं.

तळटीप
"भोक असेल तिथेच ठिगळ" याला माझी हरकत नाही. लोक अख्खा सदरा ठिगळांचा शिवतात.

अटलांटिकपार
एक शंका, निळीशाई तुमची मावसबहीण कुठे असते? कारण अमेरिकेत सपोर्ट हा शब्द वेगळ्याच अर्थाने येतो आणि नातेवाइकांच्या सल्ल्यात हा घोळ मी खूप पाहिलाय. आमच्याकडे अफिडेविट ऑफ सपोर्ट म्हणजे आय-८६४ फॉर्म, तो पैशाची कायदेशीर हमी असतो, स्पॉन्सरचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या सरकारी आकड्याच्या १२५ टक्के तरी लागतं. नातं खरं आहे असं सांगणारी मित्रमंडळींची अफिडेविट्स ही निराळी, ती आय-१३० बरोबर, म्हणजे नातं दाखवायच्या फॉर्मबरोबर जातात, त्यात साक्ष देणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख, जन्मठिकाण आणि या लग्नाबद्दल त्याला माहिती कशी झाली हे सविस्तर लागतं. यूकेला यातलं जसंच्या तसं लागू नाही.

निळीशाई
अगंबाई! मावसबहीण अमेरिकेतच आहे. आणि मी तिच्या सांगण्यावरून नवऱ्याच्या मित्राला नोटरीकडे पाठवणार होते. वाचला बिचारा.

खिडकीपाशी
मित्राच्या पत्राला नोटरी नको, साधं सही केलेलं पत्र चालतं. स्टॅम्प पेपरवर खोटं लिहिता येत नाही असं थोडंच आहे.

बरं, सगळे मित्रांवर अडलेत, पण खरं पत्र नवऱ्याचं आणि तुझं. स्पॉन्सर म्हणून, म्हणजे तुला बोलावणारा म्हणून, त्याने स्वतः लिहायचं: ओळख कशी झाली, प्रत्यक्ष पहिल्यांदा कधी भेटलात, नंतर किती वेळा आणि कुठे, लग्न कधी, लांब राहून संपर्क कसा ठेवता, ती आल्यावर कुठे राहणार, खर्च कसा चालणार, आणि यूकेत कायम एकत्र राहायचा इरादा आहे हे स्पष्ट शब्दात. प्रत्यक्ष भेट झालेली असणं आणि कायम एकत्र राहायचा इरादा या दोन्ही नियमातल्याच अटी आहेत, लोक प्रेमाबद्दल पान भरतात आणि हेच लिहायचं विसरतात.

निळीशाई
तो म्हणतो मी काय लिहू, तुला छान लिहिता येतं, तूच लिही मी सही करतो :(

मनमोकळी
आमच्याकडे हेच झालेलं. मी दोन्ही पत्रं लिहिली आणि दोन्हीत "आमच्या सहजीवनाचा प्रवास" आलं. माझा नवरा सहजीवन हा शब्द मरेपर्यंत वापरणार नाही. मग त्याला फोनवर प्रश्न विचारले, तो बोलला ते रेकॉर्ड केलं आणि त्यालाच म्हटलं आता हे टाइप कर. त्याने लिहिलं की ती पहिल्यांदा भेटली तेव्हा चाळीस मिनिटं उशिरा आली आणि सॉरी म्हणाली नाही. मी म्हटलं हे काढ. तो म्हणाला खरंय ना? राहू दिलं. व्हिसा झाला.

तळटीप
हे बाकी उत्तम. आणि म्हणूनच नमुना मागू नका, टाकू पण नका. एकाच साच्यातली तीन पत्रं, तीच वाक्यं, तोच फॉन्ट, हे कुणाच्याही नजरेत येतं. आणि एक गंभीर गोष्ट, "थोडं वाढवून लिहू, काय बिघडतंय" असं कोणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. खोटी माहिती किंवा खोटा कागद दिल्याचं निघालं तर अर्ज तर जातोच, वर १० वर्षांची बंदी येऊ शकते. मित्राचं हौशी पत्र हे त्या लायकीचं कारण नाही.

उंबरठा
राहायचं काय? नवऱ्याचं स्वतःचं घर आहे की भाड्याचं?

निळीशाई
भाड्याचं. दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, दुसऱ्या खोलीत त्याचा मित्र राहतो, मी गेल्यावर पण राहणार आहे. हे चालतं का? मला वाटलं होतं फक्त पत्ता द्यायचा असतो.

उंबरठा
चालतं, पण तुम्हा दोघांच्या एकट्याच्या वापराची निदान एक बेडरूम हवी आणि घरात गर्दी होता कामा नये. गर्दीचा हिशोब १९८५ च्या हाउसिंग अ‍ॅक्टमधला आहे. १ खोलीत २ माणसं, २ खोल्यांत ३, ३ मध्ये ५, ४ मध्ये साडेसात. हॉल पण खोली धरतात, किचन-बाथरूम सहसा नाही, ५० चौरस फुटांच्या आतली खोली पण नाही. मूल एक वर्षाच्या आतलं असेल तर मोजत नाहीत, १ ते १० वर्षांचं अर्धं. तुमच्या दोन बेडरूम आणि हॉल, ३ खोल्या, माणसं ३, काही अडचण नाही. भाडेकरार जोडा आणि घरमालकाकडून एक पत्र घ्या: पत्ता, खोल्या किती, सध्या कोण राहतं, आणि बायको येऊन राहायला माझी हरकत नाही.

मनमोकळी
ते साडेसातवं माणूस मला एकदा भेटायचंय.

अटलांटिकपार
एक वर्ष ते दहा वर्षांमधलं असणार ते :)

निळीशाई
घरमालक एजन्सीमार्फत आहे, मेल टाकलाय. आता बाबांचं सांगा ना कोणीतरी. त्यांनी ते पत्र शेजारच्या काकांकडून इंग्रजीत पण करून आणलंय. त्यात "माय डॉटर इज ऑफ स्पॉटलेस कॅरेक्टर" आहे.

पाणवठा
बाबांचं पत्र ठेवा, मजकूर बदला. त्यांना म्हणा अधिकाऱ्याला तुमची मुलगी कशी आहे ते नकोय, तुम्ही जावयाला काय करताना पाहिलंत ते हवंय. एकदम खुलतील. माझा अनुभव आहे, मोठ्या माणसांना काय लिहू नका सांगितलं की रुसतात, काय आठवतंय विचारलं की थांबत नाहीत.

खिडकीपाशी
आणि मराठीतच लिहू देत. भाषांतर जोडायचं, फक्त ते घरातल्या कोणी करू नये, काकांनी पण नको. भाषांतर करणाऱ्याने त्यावर हे मूळ मजकुराचं अचूक भाषांतर आहे असं लिहून तारीख, पूर्ण नाव, सही आणि संपर्क द्यायचा. तुझ्या लग्नाच्या सर्टिफिकेटवर काही मजकूर नुसता मराठीत असेल तर त्यालाही हेच.

निळीशाई
दोन दिवसांनी येतेय. पाणवठा, तुम्ही म्हणालात तस्संच झालं. मी फक्त विचारलं की जावई पहिल्यांदा घरी आले तेव्हाचं काय आठवतं, आणि बाबा चष्मा शोधायला लागले. हे त्यांच्या नव्या पत्रातलं आहे, त्यांना विचारूनच टाकतेय:

"जावई आमच्या घरी आले त्या संध्याकाळी वीज गेली होती. माझी रात्रीची गोळी कोणती हे मला दिसत नव्हते. त्यांनी आपल्या मोबाईलच्या उजेडात पाकिटावरची नावे मोठ्याने वाचून दाखवली व कोणती गोळी केव्हा घ्यायची ते एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिले. तो कागद अजून कपाटाच्या दारावर आहे. लग्नानंतर ते दोन वेळा आले, तेव्हा ते व माझी मुलगी आमच्याकडेच राहिले. पहिली भेट नोव्हेंबर महिन्यात झाली."

मी रडले जरा. मला तो कागद रोज दिसतो पण कोणी लिहिलाय हे माहीतच नव्हतं.

मनमोकळी
मी पण. व्हिसा बाबांनाच द्या.

तळटीप
पत्र फार चांगलं आहे, माझे आधीचे शब्द अर्धे मागे घेतो. आता शेवटची ओळ बघा. फॉर्ममध्ये प्रत्यक्ष पहिली भेट कधीची टाकलीये?

निळीशाई
...२२ डिसेंबर. बाबांनी नोव्हेंबर का लिहिलं? थांबा विचारते.

निळीशाई
नोव्हेंबरात दोन्ही घरचे व्हिडिओ कॉलवर बोलले होते, बाबा तीच पहिली भेट धरून चाललेत. त्यांचं म्हणणं "तोंड बघितलं की भेट झाली."

तळटीप
हेच म्हणत होतो. पत्र फेकू नका, दोन्ही लिहा: नोव्हेंबरात व्हिडिओ कॉलवर बोलणं झालं, प्रत्यक्ष भेट २२ डिसेंबरला. आणि असाच एक कागद घ्या, त्यावर पहिली भेट, साखरपुडा, लग्न, प्रत्येक प्रवास अशा तारखा उतरवा, आणि फॉर्म, तुमचं पत्र, नवऱ्याचं पत्र, बाकीची पत्रं, तिकिटं, सगळं त्याच्याशी ताडून बघा. पत्र लिहिणाऱ्यांना तो कागद देऊ नका, नाहीतर सगळे तारखाच लिहितील. ज्याला तारीख आठवत नाही त्याने उन्हाळ्यात म्हणावं, अंदाजाने आकडा ठोकू नये.

खिडकीपाशी
हे माझ्या वेळी कोणी सांगितलं असतं तर. अवांतर, सगळ्याची एक कॉपी जपून ठेव. बाहेरून अर्ज केल्यावर ३३ महिने मिळतात, मग एक्सटेन्शनला नातं परत दाखवावं लागतंच. तेव्हा मात्र एकत्र राहिल्याचे कागद मागतील, त्यामुळे तिकडे पोचशील त्या दिवसापासून बँक, डॉक्टर, लाईट बिल, जिथे जमेल तिथे तुझंही नाव त्याच पत्त्यावर लावून घे.

निळीशाई
अपडेट. एचआरचं पत्र आलं, चारही ओळी आहेत, पर्मनंट शब्द पाहून नवऱ्याने मला स्क्रीनशॉट पाठवला. घरमालकाचं मिळालं. नवऱ्याने स्वतःचं पत्र स्वतः लिहिलं, दीड पान, त्यात एक पूर्ण परिच्छेद मी व्हिडिओ कॉलवर झोपून जाते त्याबद्दल आहे, काढ म्हटलं तर ऐकत नाही. बाहेरची पत्रं शेवटी तीनच: बाबा, त्याचा फ्लॅटमेट, आणि माझी मैत्रीण जी त्याच्या व्हिजिटमध्ये आमच्याबरोबर फिरायला होती. तारखांचा कागद केला, त्यात मैत्रिणीचा पण एक महिना चुकलेला सापडला. काल फी भरली, आज सगळं अपलोड केलं. सगळ्यांचे मनापासून आभार.

उंबरठा
शुभेच्छा. निकाल आला की इथेच सांगा.

निळीशाई
नक्की. एकच त्रास झालाय, बाबांनी पत्रात फोन नंबर दिलाय आणि त्यांची खात्री आहे की साहेबांचा फोन येणार. अनोळखी नंबर आला की रिंग पूर्ण व्हायच्या आत उचलतायत. आज सकाळी एका क्रेडिट कार्डवाल्या मुलीला त्यांनी गोळ्यांच्या कागदाची अख्खी गोष्ट इंग्रजीत सांगितली.